उणे पाऊण ग्रॅम मीठ

जालन्यात पाण्याला खारं म्हणत नाहीत. "आमचं पाणी जरा जड आहे हं," असं म्हणतात आणि पाहुण्यापुढे तांब्या सरकवतात. पाहुणा घोट घेतो, तोंड होता होईल तेवढं सरळ ठेवतो आणि म्हणतो, "छे हो, चांगलं आहे की!" बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तरी पाणी आपलं जडच. अशा सभ्य गावात मी उभी नोकरी एकच गोष्ट शिकवण्यात घालवली. पाण्यात मीठ किती आहे ते कसं मोजायचं, ही ती गोष्ट. माझं गावात किती कौतुक झालं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नवीन जालन्याच्या बाहेर एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये मी पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवायचो. इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांना रसायनशास्त्र म्हणजे वाटेतला गतिरोधक वाटतो. त्यांना मशीन हवं असतं, मोटार हवी असते, आणि पुढ्यात येतो चष्मा लावलेला एक माणूस, हातात मिठाची बरणी घेऊन. पोरांनी माझं नाव 'मीठसर' ठेवलं होतं. त्याआधीच्या सरांचं नाव याहून वाईट होतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

प्रयोग अगदी साधा. शुद्ध पाण्यातून वीज जवळपास जातच नाही. मीठ विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, एक धन भाराचा सोडियम आणि दुसरा ऋण भाराचा क्लोराइड. हे दोघं मोंढ्यातल्या हमालांसारखे, वीज यांच्याच पाठीवरून जाते. हमाल दुप्पट झाले की माल दुप्पट. लिटरला एक ग्रॅम मीठ असलं की मीटर सुमारे दोन दाखवतो, दोन ग्रॅमला सुमारे चार. फारच मीठ झालं तर हमालांची आपसात धक्काबुक्की होते आणि रेघ वाकायला लागते, पण आमचा प्रयोग तिथपर्यंत जायचा नाही. मीठ वाढवत जायचं, मीटर वाचत जायचं, आलेखावर टिंबं मांडून रेघ काढायची. मग एका बाटलीत, किती मीठ आहे ते न सांगता, अज्ञात द्रावण दिलं जातं. त्याचं रीडिंग घ्यायचं आणि रेघेवरून मीठ शोधायचं. संपलं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही आमची पोरं पाहिली नाहीत.

मिलिग्रॅम आणि ग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो, ही गोष्ट काही मुलांना वैयक्तिक अपमान वाटायची. एका चिरंजीवानं चहाच्या कपाएवढ्या बीकरमध्ये, कागदावर का होईना, चार किलो मीठ विरघळवून दाखवलं होतं. दुसरे काही जण आधी एक लिटर पाणी मोजून घेत आणि वरून मीठ टाकत. आधी मीठ टाकून मग पाणी एक लिटरच्या खुणेपर्यंत आणायचं, हे सांगून माझा घसा बसला. तापमानाचं तर विचारूच नका. द्रावण तापलं की दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वीज जास्त वाहते, म्हणून मीटरला तापमानाचं एक बटण होतं. आमच्या प्रयोगशाळेत एप्रिलमध्ये बसल्या जागी घाम गळायचा आणि ते बटण बारा महिने पंचवीस अंशावर शांत बसलेलं असायचं.

पण खरी गंमत शून्याची. मीठ शून्य तर रीडिंग शून्य, म्हणून रेघ शून्यातून गेली पाहिजे, असं पुस्तकात छापलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याकडे ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून थंड केलेलं शुद्ध पाणी होतं. आमच्याकडे बोअर होता. ऊर्ध्वपातन करायचं काचेचं यंत्र होतं म्हणा, कपाटात, सुंदर. ते चालवायला नळाचं वाहतं पाणी लागतं. वाहता नळ लागतो म्हटल्यावर ते जालन्यात कपाटातच शोभणार. मग मी स्टेशनजवळच्या गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायची लेखी मागणी केली. विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं.

"सर, पाणी विकत आणायचं? आवारात आपला स्वतःचा बोअर असताना?"

"बोअरचं पाणी खारं आहे ना सर."

"जड आहे," ते म्हणाले. "खारं नाही."

बारगळली मागणी, कप्पाळ!

मग पोरांनी मार्ग काढला. कॉलेजच्या उद्घाटनाच्या वर्षी कुणीतरी ऊर्ध्वपातित पाण्याचा एक कॅन आणला होता. त्या पहिल्या तुकडीची रीडिंग शून्यातून सरळ गेली होती. ती रीडिंग पुढच्या तुकडीनं घेतली, तिच्याकडून त्याच्या पुढच्या. अज्ञात द्रावणाचं उत्तर दरवर्षी दीड ग्रॅमच असायचं, कारण ते बदलायचं कष्ट कोण घेणार? आमच्याकडे लाइट गेलेली असतानाही रीडिंग यायची. मी एकदा एकाला धरलं.

"मीटर बंद आहे. हे कुठून आलं रे?"

"सर, कालचं हाय."

"काल प्रॅक्टिकल नव्हतं."

"मंग परवाचं असंल!"

एवढ्या आत्मविश्वासापुढे विज्ञानानं हात टेकावेत, दुसरं काय.

बाहेरची गिऱ्हाइकंही यायची. मस्तगडात माझ्या घरासमोर शेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं. माणूस मोठा दिलदार. त्यांना नवीन जालन्याकडचा एक प्लॉट विकायचा होता. बोअरचं पाणी बाटलीत भरून एक दिवस ते प्रयोगशाळेतच आले.

"सरजी, बिलकुल मीठा पानी है. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या."

मी मीटर बुडवला. काटा तीनच्या पुढे गेला.

"शेठजी, हे तर कॉलेजच्या पाण्याहून दुप्पट खारं आहे."

"असं कसं? जरा कमी करा ना. अडीच लिहा. तुमचं पण राहील, माझं पण."

"अहो, मी करत नाही, मीटर करतो."

"मग मीटरला सांगा ना!"

शेवटी कागद न घेताच गेले, पण रागावले नाहीत. संध्याकाळी येऊन आमच्या घरचं जड पाणी पिऊन, चांगलं आहे म्हणून गेले.

नव्वदनंतरच्या एका वर्षी टेंभुर्णीची संगीता आमच्याकडे आली. यंत्र शाखेला सगळ्या तुकडीत एकटी मुलगी. तिला सोडायला वडील आले होते, भाऊराव. अंगानं दणकट, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. प्रवेशाचे कागद झाले आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, पोरगी हुशार हाय म्हनून आनली. भावकी म्हने, पोरीला मशिनी शिकवून काय करायचं? मी सबद देऊन आलोय, का पयल्या वर्साला एक बी इषय ऱ्हायला तर मी हिला माघारी न्हेनार. बराबर हाय का न्हाई?"

"बराबर काय त्यात? एखादा विषय कुणाचाही राहतो हो."

"कुनाचा बी राहू द्या. हिचा न्हाई राह्यला पायजे."

संगीता खाली बघत होती. तिला हा शब्द आधीच माहीत होता, हे दिसत होतं.

ती गावात एका खोलीवर राहायची. दर आठवड्याला टेंभुर्णीच्या एस.टी.तून तिच्यासाठी घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन यायचा. तेलाचा रिकामा कॅन, धुऊन घेतलेला. स्टँडवर ड्रायव्हर तो तिच्या हाती द्यायचा. पोळ्या-भाकरी गावाकडून येणारी पोरं पुष्कळ होती, पण पाणी गावाकडून येणारी ही एकच. बाकीची म्हणायची, हिला आपलं पाणी चालत नाही, मोठी राजकन्या! ती म्हणायची, "डाळ शिजत न्हाई बाबा तुमच्या पान्यात. काय करू?"

प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी ती माझ्याकडे आली.

"सर, मीठ टाकलंच न्हाई, तरी मीटर दीड दाखवून राह्यलाय. बिघडला का?"

"मीटर ठीक आहे. पाणी बिघडलंय."

"मंग दीड लिहू?"

"दिसलं ते लिही."

किती वर्षांनी हे वाक्य बोलायची वेळ माझ्यावर आली होती! तिनं लिहिलं. मीठ नसताना दीड, एक ग्रॅमला साडेतीन, दोन ग्रॅमला साडेपाच. रेघ सरळच आली, फक्त शून्यातून न निघता दीडवरून निघाली. तापमानाचं बटणसुद्धा तिनं आपणहून फिरवलं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"सर, ही रेघ डावीकडं न्हेली तर?"

"ने की."

तिनं पट्टी लावली. रेघ खाली उतरत डावीकडे गेली आणि आडव्या अक्षाला जिथे टेकली, तिथे मीठ होतं उणे पाऊण ग्रॅम. ती गोंधळली. उणे मीठ म्हणजे काय? मी सांगितलं, की तू मीठ टाकायच्या आधीच पाण्यात पाऊण ग्रॅम मिठाइतकं काहीतरी होतं. तू जिथून मोजायला लागलीस ते तुझं शून्य, पाण्याचं नव्हे.

"म्हंजे माझी डाळ याच्यानंच शिजत न्हाई!"

"डाळीचा गुन्हेगार त्यातला चुना. मीटरला नावं कळत नाहीत, नुसती गर्दी कळते."

दुसऱ्या दिवशी तिनं कॅनमधलं पाणी आणून मोजलं. काटा अर्ध्याच्याही खाली. दिवसभर तिचा चेहरा असा, की विहीर स्वतः खणली असावी.

एप्रिलमध्ये तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक औरंगाबादहून आले, सफारी घातलेले, परतीच्या गाडीची वेळ पक्की ठरवून. आतला परीक्षक मी. गुण पंचवीस, पासाला दहा, आणि प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागायचं. इथे गेली की विषय गेला, विषय गेला की संगीता टेंभुर्णीला. तिला हे ठाऊक, मला ठाऊक. परीक्षकांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पोरांचे आलेख ते दुरूनच बघत. रेघ शून्यातून गेली की बावीस. पुढचा. रेघ शून्यातून, बावीस. एका धांदरटाचं टिंब रेघेबाहेर होतं, त्याला एकवीस. मग संगीताचा कागद हातात आला आणि ते थांबले.

"हे काय? रेघ शून्यातून जात नाही."

"न्हाई जात सर."

"का?"

"पानी खारं हाय."

 दाराशी उभे असलेले विभागप्रमुख लगबगीनं पुढे आले. "जड आहे सर, जरासं जड. उन्हाळा आहे ना."

"आणि ही रेघ डावीकडे कुठे फिरायला निघाली? उणे पाऊण ग्रॅम! उणे मीठ कोणत्या दुकानात मिळतं बाई?"

पोरं हसली. चार किलोवालाही हसला, मी पाहिलं.

"दुकानात न्हाई सर. ते आधीच पान्यात व्हतं. मी टाकायच्या आधी."

"अज्ञात किती आलं?"

"टाकलेलं दीड ग्रॅम. पान्यातलं धरलं तर सव्वादोन."

परीक्षकांनी खिशातली चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीत दीड. त्यांची पंचाईत झाली. उत्तर बरोबर आणि रेघ बेकायदा, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नसावा.

मी म्हणालो, "सर, रेघ बरोबर आहे. आमच्याकडे ऊर्ध्वपातित पाणी नाही. मुळातल्या पाण्याचं रीडिंग दीड येतं, तुम्ही स्वतः मीटर बुडवून बघा."

"सर, पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात बोअर नाही."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी खोडरबर उचललं आणि संगीतापुढे ठेवलं. "रेघ खोड, शून्यातून काढ. वीस देतो. नाहीतर सहा. मला वेळ नाही."

ती रबराकडे बघत राहिली.  माझ्या मनात आलं, खोड बाई, एक रेघ आहे, खोड आणि सुट. रेघेपायी अख्खं शिक्षण कशाला घालवतेस? बोलता मात्र येईना, कारण दिसलं ते लिही, हे मीच सांगितलं होतं.

"सर," ती हळूच म्हणाली, "रेघ शून्यातून न्हेली तर माझं दीड येत न्हाई. माझं रीडिंग साडेचार हाय. त्या रेघंवर ते सव्वादोन व्हतंय. मंग ते चूक व्हईल."

 हिशेब बरोबर होता. याच बाटलीतलं पाणी सगळ्यांना दिलेलं, मीटर एकच. ज्यांच्या रेघा शून्यातून गेल्या त्यांचं उत्तर सव्वादोन यायला हवं होतं, आणि सगळ्यांचं आलं होतं दीड. म्हणजे त्यांच्यातल्या एकानंही मीटर वाचला नव्हता. परीक्षकांची नजर बाजूच्या गठ्ठ्याकडे गेली. तो उघडून बघितला असता तर अख्खा वर्ग नापास करावा लागला असता, आणि गाडी गेली असती ती वेगळीच. त्यांनी नजर परत आणली.

तेवढ्यात चहा आला. परीक्षकांनी घोट घेतला. कपात दुधाचे बारीक गोळे तरंगत होते. त्यांनी तोंड वाकडं केलं, ते लगेच सरळ केलं, आणि अगदी जालनेकराच्या नम्रपणानं म्हणाले, "पाणी जरा जड आहे का हो इथलं?"

"हो ना, जरासं," विभागप्रमुख म्हणाले.

"पाऊण ग्रॅम," मी म्हणालो.

परीक्षकांनी कप खाली ठेवला. 

नंतर माझी आणि परीक्षकांची घासाघीस झाली. शेठजी खारेपणा कमी करायला आले होते, मी गुण वाढवायला बसलो होतो, आणि शेठजींइतक्याच निर्लज्जपणे. सहावर मी सही करणार नाही म्हणालो. आठ म्हणाले. आठवरही नाही, आणि मग गठ्ठा उघडून सगळ्यांचीच रीडिंग बघू, असं मी म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दहा लिहिले. त्याच्यावर एक नाही. मला चीड आली होती, आजही आहे. ज्यांनी मीटरला हात लावला नाही त्यांना बावीस, आणि जिनं प्रयोग केला तिला दहा.

विभागानंही यातून धडा घेतला. पुढच्या वर्षापासून तो प्रयोग शिक्षकानं करून दाखवायचा आणि मुलांनी उतरवून घ्यायचा, असं ठरलं. मुलांनी मीटर हाताळण्यातले धोके सर्वांच्या लक्षात आले होते.

परीक्षा संपल्यावर मी बाहेर आलो, तर फाटकापाशी भाऊराव राजदूत मोटारसायकलवर बसलेले. मागे दोरीनं कॅन बांधलेला. संगीता त्यांच्याजवळ उभी होती.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास," ती म्हणाली.

"मंग झालं." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. तेवढ्यावरून कळलं की सकाळपासून माणूस श्वास धरून बसला होता.

मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. रेघ, शून्य, रबर, वीस गुण, सगळं. कितपत कळलं देव जाणे, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊराव, अख्ख्या वर्गात तुमच्या एकट्या पोरीनं खरं लिहिलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

ते माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत राहिले.

"सर, पानी खारं व्हतं का?"

"होतं."

"मंग तिनं खारं म्हन्लं. त्यात काय मोठं केलं?"

मला खिजवायला म्हणाले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. राजदूतला किक मारली, संगीता मागे बसली, आणि दोघं स्टेशनच्या दिशेनं गेली. ती पुढच्या वर्षी परत आली. त्याच्या पुढच्याही.

त्या संध्याकाळी शेठजी दुकान बंद करून नेहमीसारखे आमच्याकडे टेकले. मी तांब्या आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला. "आमचं पाणी जरा..." एवढं सवयीनं तोंडातून निघून गेलं आणि मी थांबलो.

"पाणी खारं आहे, शेठजी."

आतून बायकोनं डोकावून पाहिलं. शेठजींचा पेला ओठांपाशी तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

"हां, ते तर आहेच," ते म्हणाले आणि सगळा पेला पिऊन टाकला.